परदेशी बियाणे, वऱ्हाडी वावर

अमेरिकेत १८६१ साली यादवी युद्ध पेटले. उत्तरेच्या आरमाराने दक्षिणेची बंदरे अडवली, लँकेशायरच्या गिरण्यांचा कापूस तुटला आणि लिव्हरपूलच्या दलालांची नजर उमरावतीच्या, म्हणजे अमरावतीच्या, बाजाराकडे वळली. भाव असा चढला की वऱ्हाडात ज्वारीची वावरे पऱ्हाटीखाली, म्हणजे कपाशीखाली, गेली. १८६५ मध्ये युद्ध थांबले, भाव उतरला आणि तेजीच्या भरवशावर काढलेले कर्ज तेवढे कास्तकाराच्या डोक्यावर राहिले.

त्याच युद्धाच्या धामधुमीत, १८६२ च्या जुलैमध्ये, अध्यक्ष लिंकन यांनी मॉरिल कायद्यावर सही केली होती. सरकारी जमीन राज्यांना द्यायची आणि तिच्या उत्पन्नातून शेती व यंत्रविद्या शिकवणारी महाविद्यालये उभी करायची, असा तो कायदा. शिकवणे, संशोधन आणि ते शेतकऱ्याच्या बांधावर नेणे ही तिन्ही कामे एकाच संस्थेने करावीत, ही कल्पना तिथे हळूहळू पक्की झाली. कापसाचा भाव वऱ्हाडात काही महिन्यांत पोचला होता. ही कल्पना पोचायला १०७ वर्षे लागली. २० ऑक्टोबर १९६९ रोजी अकोल्यात कृषी विद्यापीठ स्थापन झाले.

अमरावती-अकोल्याच्या शेतीत गेल्या पावणेदोनशे वर्षांत बाहेरच्या देशांतून बियाणे आले, यंत्रे आली, कर्जे आली, तज्ज्ञ आले. काही टिकले, काही वाहून गेले. करार कोणत्या देशाशी झाला आणि रक्कम किती होती, यावर ते ठरले नाही. बाहेरून आलेली गोष्ट इथल्या काळ्या जमिनीत, इथल्या पावसावर कोणी तपासली आणि तिचा फायदा कोणाच्या बाजूने मोजला, यावर ठरले.

गिरणीचा हिशेब, कास्तकाराचा हिशेब

इंग्रजांना वऱ्हाडातून कापूस हवा होता, पण वऱ्हाडी कापूस त्यांना पसंत नव्हता. देशी कापसाचा धागा आखूड आणि भरड. लँकेशायरची यंत्रे अमेरिकी लांब धाग्याला सरावलेली. त्यावर उपाय म्हणून ईस्ट इंडिया कंपनीने १८४० मध्येच एक प्रयोग केला होता. कॅप्टन बेल्स नावाच्या अधिकाऱ्याने अमेरिकेच्या दक्षिणेतून कापसाची शेती जाणणारे दहा जण भारतात आणले. बरोबर अमेरिकी बियाणे आणि करवती जिन होत्या. त्यांना गुजरात, बुंदेलखंड, कोइमतूर अशा भागांत पाठवण्यात आले. धारवाडकडे अमेरिकी कापूस पुढे रुजला. बाकी बहुतेक ठिकाणी हा खटाटोप फसला. मिसिसिपीच्या खोऱ्यात पाऊस वर्षभर थोडाथोडा पडतो. आपल्याकडे तो चार महिन्यांत उरकतो आणि पुढे पिकाला जमिनीतल्या ओलीवर निभावून न्यावे लागते. देशी पऱ्हाटीची मुळे खोल जातात, म्हणून ती तग धरते. पाहुण्या झाडाला ते जमले नाही.

वऱ्हाड १८५३ मध्ये निजामाकडून इंग्रजांच्या ताब्यात आला होता. १८६० च्या दशकात रिव्हेट-कारनॅक हे इथले कापूस आयुक्त झाले. रेल्वे आली, जिन आल्या, गाठी बांधणारे प्रेस आले. खामगावच्या रेल्वे फाट्याचे उद्घाटन करायला १८७० मध्ये खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड मेयो आले. माल बाहेर नेण्याची सोय उत्तम झाली. कास्तकाराला काय परवडते, हा प्रश्न मात्र कोणाच्या कागदावर नव्हता.

तो कागदावर यायला विसावे शतक उजाडावे लागले. मध्य प्रांत-वऱ्हाडच्या शेतीखात्याने वेगवेगळ्या जातींचा एकरी हिशेब मांडला, तेव्हा गिरण्यांना नकोशी असलेली ‘रोझियम’ ही आखूड धाग्याची जातच पुढे आली. धागा भरड, पण सरकीपासून रुई वेगळी केल्यावर उतारा भरघोस. शिवाय जपानी गिरण्या असा कापूस मोठ्या प्रमाणावर घेत होत्या. लँकेशायर आणि वऱ्हाड यांचे हित एकच नाही, हे एका सरकारी प्रयोगशेताने आकड्यांत दाखवून दिले. वऱ्हाडात शेतीच्या ज्ञानाला इथला पाया मिळू लागला तो तेव्हापासून.

पापळचा बॅरिस्टर आणि जपानी भात

अमरावती जिल्ह्यातल्या पापळ गावी १८९८ मध्ये जन्मलेले पंजाबराव देशमुख इंग्लंड-स्कॉटलंडात शिकून बॅरिस्टर झाले आणि १९५२ ते १९६२ अशी दहा वर्षे केंद्रात शेतीचे मंत्री होते. धान्य आयात करून पोट भरणाऱ्या देशाच्या वाट्याला जगाचे ज्ञान कोणत्या वाटेने येणार, या प्रश्नावर त्यांनी आपले उत्तर काढले: ते शेतकऱ्याच्या डोळ्यांसमोर यावे.

१९५३ मध्ये त्यांच्या पुढाकाराने जपानी पद्धतीच्या भातशेतीची देशव्यापी मोहीम सुरू झाली. या पद्धतीचे प्रयोग आधी मुंबईजवळ बोरिवलीच्या कोरा केंद्रात झाले होते. पद्धतीत महागडे असे काही नव्हते. गादीवाफ्यावर थोडे, निवडक बी टाकून दणकट रोप करायचे, ओळीत ठरावीक अंतरावर लावणी करायची, खत बेताने पण वेळेवर द्यायचे आणि ओळींमधून हाताने फिरवायचे कोळपे चालवून निंदण काढायचे. ज्या मंत्र्याच्या मतदारसंघात भात नावालाच होता, त्याने ही मोहीम देशभर नेली.

१९५५ मध्ये त्यांनी भारत कृषक समाज उभा केला. १९५९ च्या डिसेंबरात दिल्लीत जागतिक कृषी प्रदर्शन भरले ते पंजाबरावांच्याच ध्यासातून. ११ डिसेंबरच्या उद्घाटनाला अमेरिकेचे अध्यक्ष आयझेनहॉवर हजर होते. अमेरिकी दालनाचे सूत्र होते अन्न, कुटुंब, मैत्री आणि स्वातंत्र्य. सोव्हिएत संघाचेही दालन होते. शीतयुद्ध ऐन भरात असताना दोन्ही महासत्ता भारतीय शेतकऱ्याला आपापली शेती दाखवत होत्या आणि देशाच्या कानाकोपऱ्यातून आलेले शेतकरी दोन्हीकडची यंत्रे हाताळून पाहत होते. १९६१ च्या जानेवारीत दिल्लीतच आशिया-आफ्रिकेतल्या देशांची ग्रामीण पुनर्रचना परिषद झाली आणि १९६२ मध्ये कैरोत त्याच कामासाठी कायमची संघटना उभी राहिली. नुकत्याच स्वतंत्र झालेल्या देशांनी एकमेकांकडून शिकावे, हा त्यामागचा विचार.

पंजाबराव १९६५ मध्ये गेले. दोनच वर्षांनी कृषी विद्यापीठ विदर्भातच हवे म्हणून अकोल्यात आंदोलन पेटले, गोळीबार झाला, तरुण पोरे गेली. परदेशी नमुन्याच्या एका संस्थेसाठी लोक रस्त्यावर उतरले, कारण ती आपल्या मातीत असावी असे त्यांना वाटत होते. भारतातल्या राज्यांना असे विद्यापीठ उभारायला अमेरिकेच्या सहा विद्यापीठांनी मदत केली. महाराष्ट्राच्या वाट्याला पेनसिल्व्हेनिया स्टेट विद्यापीठ आले होते. आराखडा तिकडचा, पण अकोल्याच्या विद्यापीठाला नाव मिळाले ते पंजाबरावांचे.

चार ओळी मादी, दोन ओळी नर

शेती-सहकार्य म्हणजे नेमके काय, हे पाहायचे तर संकरित ज्वारीच्या बीजोत्पादनाच्या प्लॉटमध्ये उभे राहावे. चार ओळी मादीच्या, मग दोन ओळी नराच्या, पुन्हा चार, पुन्हा दोन, असे सारे वावर. कडेने चारही बाजूंना नराच्या ओळी. आसपास दुसरी ज्वारी नको, नाहीतर परका पराग येतो. मादीच्या कणसाला फुलोरा येतो, पण त्यात परागकण तयार होत नाही. वाऱ्याने नराचा पराग येऊन पडला तरच दाणा भरतो आणि तोच संकरित बियाणे म्हणून पिशवीत जातो. नर आणि मादी एकाच वेळी फुलोऱ्यावर यायला हवेत; एखादी बाजू मागे पडली तर कास्तकार पाणी-खताचा मेळ घालून तिला पुढे आणतो. मादीच्या ओळीत पराग टाकणारे एखादे चुकार झाड दिसले की भल्या सकाळी ते उपटून टाकावे लागते.

ही परागाविना मादी वऱ्हाडात आली कुठून? ज्वारी मूळची आफ्रिकेची. तिथले मिलो आणि काफिर हे प्रकार अमेरिकेत पोचले. १९५४ मध्ये टेक्सासमध्ये स्टीफन्स आणि हॉलंड या संशोधकांनी दाखवले की मिलोचा पेशीद्रव आणि काफिरचे केंद्रक एकत्र आणले की झाडाचा पराग वांझ होतो. त्यातून ‘कंबाइन काफिर ६०’ ही वांझ मादी ओळ झाली. भारतात रॉकफेलर प्रतिष्ठानच्या सहकार्याने ज्वारीच्या संशोधनाला वेग आला होता. ही ओळ इथे आली आणि १९६४ मध्ये सीएसएच-१ हा भारताचा पहिला संकरित ज्वारीचा वाण बाहेर पडला.

वऱ्हाडने तो हातोहात उचलला. उंच देशी ज्वारीच्या मानाने हे ताट बुटके, खताला प्रतिसाद देणारे आणि लवकर येणारे. उत्पादन दुप्पट-तिप्पट पाहिलेली माणसे अजून त्याला नुसते ‘हायब्रीड’ म्हणतात. पण लवकर येणे हाच त्याचा काळ ठरला. देशी ज्वारी दिवस लहान होऊ लागले की निसवते आणि पाऊस गेल्यावर पिकते. हायब्रीड सप्टेंबरच्या अखेरीस दाण्यावर यायचे आणि परतीच्या पावसात सापडायचे. कणसावर बुरशी चढून दाणा काळा पडायचा, बाजारात भाव पडायचा. भाकरीला चव नाही, कडबा ढोरे आवडीने खात नाहीत, खोडमाशी फार, अशा तक्रारी होत्याच.

टेक्सासमध्ये बसून या तक्रारींचे उत्तर निघाले नसते. अकोल्याच्या विद्यापीठाने स्वतःच्या मादी आणि नर ओळी तयार केल्या, आणि त्यांतून झालेला सीएसएच-१४ देशपातळीवर प्रसारित झाला. वांझ परागाचे तंत्र आफ्रिकेतून निघालेल्या, अमेरिकेत जुळलेल्या झाडांचे. ओळी मात्र अकोल्याच्या. बियाण्याचा व्यवहारही इथेच रुजला. १९७६ मध्ये जागतिक बँकेच्या मदतीने देशात बियाणे प्रकल्प आखला गेला, त्या सुमारास राज्य बियाणे महामंडळ म्हणजे महाबीज स्थापन झाले, आणि त्याचे मुख्यालय अकोल्यात आले.

कंझऱ्यातला नाण्याचा खेळ

मूर्तिजापूर तालुक्यातल्या कंझरा आणि किनखेडा या दोन गावांची नावे वऱ्हाडाबाहेर फारशी कोणाला ठाऊक नसतील. मात्र विकासाच्या अर्थशास्त्राचा अभ्यास करणाऱ्या माणसाला, तो शिकागोत असो की कॅनबेरात, कंझरा माहीत असते.

हैदराबादजवळ पाटणचेरू इथे १९७२ मध्ये इक्रिसॅट ही कोरडवाहू शेतीची आंतरराष्ट्रीय संस्था सुरू झाली. जिरायती शेतकऱ्यासाठी वाण काढायचे तर तो निर्णय कसे घेतो हे कळायला हवे, असे तिथल्या अर्थतज्ज्ञांचे म्हणणे पडले. १९७५ मध्ये त्यांनी सहा गावे निवडली: दोन महबूबनगर जिल्ह्यातली, दोन सोलापूरकडची आणि दोन अकोल्याची. प्रत्येक गावात ४० कुटुंबे. त्यांत १० भूमिहीन मजुरांची, ३० शेतकऱ्यांची. माहिती घेणारा तरुण गावातच मुक्कामाला. दर तीन-चार आठवड्यांनी तो घरोघरी बसून टिपणार: कोणत्या वावरात काय पेरले, डवऱ्याचे फेर किती, सालदाराला काय दिले, उधार कोणाकडून, घरात ज्वारी किती उरली. अशी नोंद दहा वर्षे चालली आणि पुढे २००१ नंतर पुन्हा सुरू झाली.

त्या काळी तज्ज्ञांत एक ठाम समजूत होती: गरीब शेतकरी धोका पत्करायला भितो, म्हणून तो नवे वाण आणि खत वापरत नाही. इक्रिसॅटमधले स्विस अर्थतज्ज्ञ हान्स बिन्सवांगर यांनी ती या गावांत तपासायची ठरवली. त्यांनी शेतकऱ्यांसमोर नाणेफेकीचा खेळ मांडला. एक वाट निवडली तर छापा पडो की काटा, ५० रुपये नक्की. मधल्या एका वाटेला एका बाजूने ४० आणि दुसऱ्या बाजूने १२०. टोकाच्या वाटेला एका बाजूने काहीच नाही, दुसऱ्या बाजूने २००. सुरुवात पैशांत, मग रक्कम वाढवत नेलेली. आणि पैसे खरे, हातात मिळणारे. सर्वांत मोठी रक्कम मजुराच्या महिन्याच्या कमाईहून जास्त होती.

रक्कम वाढली तसे बहुतेक लोक मधल्या वाटांवर येऊन थांबले. अगदी भित्रे थोडे, जुगारी त्याहून थोडे, आणि गरीब-श्रीमंतांत फारसा फरक नाही. म्हणजे स्वभाव साऱ्यांचा जवळपास सारखाच. गरीब कास्तकार मागे राहतो तो भीतीने नव्हे, तर त्याला वेळेवर कर्ज मिळत नाही, बियाणे-खत मिळत नाही म्हणून. बिन्सवांगर यांचा हा निबंध १९८० मध्ये प्रसिद्ध झाला आणि जगभर गाजला. पुढे रॉबर्ट टाउनसेंड या अमेरिकी अर्थतज्ज्ञाने कंझऱ्यासह तीन गावांच्या नोंदींवरून १९९४ मध्ये दाखवले की एखाद्या घरात आजारपण आले, काम बुडाले, तरी त्या घराचे खाणेपिणे गावाच्या सरासरीबरोबरच वरखाली होते. उसनवारी, देवाणघेवाण यांतून गाव एकमेकांना सावरून घेते. भूमिहीनांपर्यंत हा आधार तितका पोचत नाही.

या अभ्यासात वऱ्हाडने जगाला दिले ते फार मोठे आहे. सालदार, रोजमजूर आणि चार एकरवाला कास्तकार यांनी वर्षानुवर्षे आपल्या घरचा हिशेब परक्या माणसासमोर उघडा केला, आणि त्यातून जगभरच्या पीक विमा आणि ग्रामीण कर्जाच्या चर्चेला पाया मिळाला. त्यांना परत काय मिळाले, हा प्रश्न विचारायला हवा. नोंदी इंग्रजीत, निबंध इंग्रजीत, आणि पतपुरवठ्याबद्दल जे १९८० मध्ये सिद्ध झाले ते दोन दशकांनी शेतकऱ्यांच्या आत्महत्यांच्या काळात याच जिल्ह्यांत नव्याने शोधावे लागले.

मधला दुवा सुटतो तेव्हा

सोयाबीनची गोष्ट ज्वारीसारखीच आहे. १९६० च्या दशकात इलिनॉय विद्यापीठाच्या मदतीने पंतनगर आणि जबलपूरला अमेरिकी सोयाबीनचे प्रयोग झाले, जबलपूरचा जेएस ३३५ सातपुडा उतरून वऱ्हाडात पसरला आणि काळ्या पडणाऱ्या ज्वारीची जागा त्याने घेतली. पुढे अकोला विद्यापीठाच्या अमरावती केंद्राने सुवर्ण सोया, पीडीकेव्ही यलो गोल्ड, पीडीकेव्ही अंबा असे आपले वाण दिले. पाहुणे पीक दोन पिढ्यांत घरचे झाले.

बीटी कपाशी वेगळ्या वाटेने आली. बोंडअळीला मारणारे जनुक मोन्सँटो या अमेरिकी कंपनीने कोकर ३१२ या अमेरिकी वाणात घातले होते; जालन्याच्या महिकोने ते आपल्या संकरित वाणांत उतरवले आणि २६ मार्च २००२ रोजी केंद्राने परवानगी दिली. इथे देवाणघेवाण दोन कंपन्यांत होती. बहुतेक देशांत हे जनुक सरळ वाणांत आले. आपल्याकडे ते संकरित वाणांत आले, म्हणजे बियाणे दरवर्षी विकत घेणे आले. हे वाण लांब मुदतीचे आणि पाणी मागणारे. हलक्या, कोरडवाहू रानात ते ताणात सापडतात, आणि पीक हिवाळ्यात उभे राहिले की गुलाबी बोंडअळीचे फावते. २०१७ पर्यंत या अळीने बीटीला पुरते जुमानणे सोडले होते.

अकोल्याच्या पीकेव्ही रजत या सरळ वाणात बीटी जनुक पुढे घातले गेले, ब्राझीलच्या धर्तीवर दाट लागवडीचे प्रयोग झाले आणि आता अकोला जिल्ह्यातल्या दाट लागवडीचे नाव दिल्लीपर्यंत घेतले जाते. पण मधली दीड दशके हातची गेली होती. जून २०१९ मध्ये अकोट तालुक्यातल्या अकोली जहागीर इथे शेतकरी संघटनेच्या कार्यकर्त्यांनी परवानगी नसलेले तणनाशक-सहनशील बियाणे जाहीरपणे पेरले. त्या कृतीवर मते टोकाची आहेत. मात्र बियाण्याची चाचणी आणि परवानगी यांची व्यवस्था रखडली की शेतकरी स्वतःच्याच वावरात प्रयोग करू लागतो, एवढे त्यातून स्पष्ट झाले.

आजचे करार

सध्याची दोन कामे पाहू. भारत-इस्राईल कृषी प्रकल्पातून नागपूरला अकोला विद्यापीठाच्या अखत्यारीत लिंबूवर्गीय फळांचे गुणवत्ता केंद्र उभे राहिले. वरुड-मोर्शीचा बागायतदार संत्र्याला ६ बाय ६ मीटर अंतर देतो. हेक्टरी २७७ झाडे. केंद्राने ६ बाय ३ मीटरवर, उंच गादीवाफ्यावर ५५५ झाडांची पद्धत मांडली. गादीवाफा इथे कळीचा आहे, कारण भारी काळ्या जमिनीत बुडाशी पाणी साचले की डिंक्या लागतो. रोपेही जमिनीऐवजी पिशवीत, निर्जंतुक माध्यमात वाढवलेली. इस्राईलच्या वाळूत ठिबकाने पाणी वाचते. वऱ्हाडच्या चिकणमातीत त्याच तंत्राला आधी निचऱ्याचा विचार करावा लागतो. संत्रा पिकवण्याचे ज्ञान मिळाले, तरी विकण्याचे उत्तर त्यात नाही. वरुडचा संत्रा घेणाऱ्या बांगलादेशाने आयात शुल्क चढवत नेले, तेव्हा बागा तोडणीविना राहिल्या.

दुसरे काम पोकरा, म्हणजे नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्प. जागतिक बँकेच्या कर्जावर २०१८ मध्ये सुरू झालेल्या या प्रकल्पात ५,१४२ गावे होती. त्यांतली ९३२ पूर्णा खोऱ्यातल्या खारपाण पट्ट्यातली. अमरावती, अकोला आणि बुलडाणा जिल्ह्यांत पसरलेल्या या पट्ट्यात विहिरीचे पाणी पिकाला दिले तर जमीन चोपण होते. इथे पावसाचे गोडे पाणी अडवणे हाच उपाय, म्हणून शेततळी. पेरणीला रुंद वरंबा-सरी पाडणारे बीबीएफ यंत्र. हे तंत्रही पाटणचेरूच्या काळ्या जमिनीवर १९७० च्या दशकात बसवलेले. तेव्हा त्यासाठीचे बैलांचे अवजार कास्तकाराला परवडले नाही आणि कल्पना पडून राहिली. ट्रॅक्टरमागे लावायचे यंत्र इथे तयार झाले, तेव्हा ती वावरात उतरली.

देणेही सुरू आहे. २०१२ पासून भारताने आफ्रिकेतल्या बेनिन, बुर्किना फासो, माली, चाड, युगांडा, मलावी, नायजेरिया या कापूस पिकवणाऱ्या देशांसाठी तांत्रिक साहाय्य कार्यक्रम चालवला. त्यांची अडचण वऱ्हाडला चांगली ठाऊक आहे: कोरडवाहू रान, छोटा शेतकरी आणि भाव ठरवणारा कोणीतरी दूरचा. अशा देशाकडे जाताना वऱ्हाडने वाणाइतकाच आपल्या चुकांचा हिशेब द्यायला हवा: कोणते संकरित वाण हलक्या जमिनीवर नापास झाले, कोणती अळी किती वर्षांत तयार झाली, कोणते कर्ज परतफेडीच्या वेळी गळ्याशी आले.

पुढचा करार कोणत्याही देशाशी होवो, त्याच्या मसुद्यात तीन गोष्टी शोधाव्यात. चाचणी खारपाण पट्ट्यात आणि हलक्या माळावर किती हंगाम होणार आहे. तिचे निकाल मराठीत गावापर्यंत येणार आहेत का. आणि पीक फसले तर भरपाई कोण देणार. ज्या करारात ही उत्तरे नसतील, त्यात कास्तकाराचे वावर म्हणजे दुसऱ्याच्या प्रयोगाची फुकटची जागा.